इमारतीने वाकावे, मोडू नये

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा मराठी मनाला फार प्रिय आहे. सत्याग्रहीच्या तोंडी तो शोभतो, आणि आपल्या चळवळीने अनेक प्रसंगी त्याची किंमतही मोजली आहे. परंतु ज्या घरात माणसे निजतात त्या घराच्या खांबाने मात्र हा बाणा धरू नये. खांबाने वाकावे, त्याला तडे जावेत, त्याचे वरचे कवच गळून पडावे. पण आतली माणसे बाहेर पडेपर्यंत त्याने डोक्यावरचे ओझे टाकू नये. गेल्या अर्धशतकात अनेक दुर्घटनांतून स्थापत्यशास्त्र जे शिकले ते थोडक्यात एवढेच आहे. हा विषय तंत्रज्ञांचा; त्यात समाजवादी कार्यकर्त्याने लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

१९९३ हे वर्ष महाराष्ट्र सहजासहजी विसरणार नाही. १२ मार्च रोजी मुंबईत एकापाठोपाठ एक बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणांस मुकली. पहिला मोठा स्फोट शेअर बाजाराच्या तळघरात झाला. आतली व रस्त्यावरची माणसे मारली गेली, खालच्या भागाची मोडतोड झाली. पण तो उंच मनोरा उभा राहिला. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी हादरली आणि दगडमातीच्या जड भिंतींखाली सुमारे आठ हजार माणसे गाडली गेली. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने आय.एस. १३९२० ही संहिता प्रसिद्ध केली. प्रबलित काँक्रीटच्या, म्हणजे ज्याला आपण सर्रास आर.सी.सी. म्हणतो त्या इमारतींतील सळया कशा वाकवाव्यात आणि कशा बांधाव्यात, म्हणजे भूकंपात इमारत एकदम न कोसळता हळूहळू नमते, याचे नियम तीत आहेत. स्फोट, भूकंप आणि संहिता या तीन गोष्टी एका वर्षी घडल्या हा केवळ योगायोग. पण त्यांचा परस्परसंबंध मात्र योगायोगाचा नाही.

नेहमीचा भार आणि अचानक येणारा भार यांतला भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. घरातली माणसे, सामान, भिंती व खुद्द स्लॅब यांचे वजन संथपणे येते आणि तेथेच राहते. त्याचा हिशेब सोपा आहे. परंतु तेच वजन तुळईवर हळूहळू न उतरवता, केवळ टेकवून एकदम सोडून दिले, तर ती तुळई जवळजवळ दुप्पट वाकते. उंचावरून टाकले तर विचारायलाच नको. म्हणजे भार किती, एवढाच प्रश्न नसतो. तो किती वेळात आला हाही प्रश्न असतो.

भूकंपात जमीन काही सेकंद मागेपुढे हलते आणि वरची इमारत आपल्याच वजनाच्या जडत्वाने ताणली जाते. तेथे सगळी इमारत एकत्र डोलते. स्फोटाची तऱ्हा निराळी. हवेच्या दाबाची लाट काही हजारांश सेकंदांत येऊन जाते. दहा मजली इमारतीला एक हेलकावा पुरा करायला साधारण एक सेकंद लागतो. तेव्हा सगळी इमारत हलू लागण्यापूर्वीच स्फोट संपलेला असतो. त्याचा तडाखा सोसतात ते समोरचे खांब, जवळची भिंत आणि खालचे एकदोन स्लॅब. शिवाय ही लाट खिडक्यांतून आत शिरते आणि स्लॅबला खालून वर ढकलते. स्लॅब हा ओझे खाली दाबील या समजुतीने बांधलेला असतो; गाळ्याच्या मध्यभागी त्याचे पोलाद खालच्या अंगाला असते. तो वर उचलला गेला की त्या बाजूने त्याला आधार देणारे फारसे काही नसते, आणि उचललेला स्लॅब परत खाली आपटला की तो आपल्या खांबांनाही उघडे पाडतो.

एक गोष्ट मात्र नवलाची आहे. भार अतिवेगाने आला असता काँक्रीट आणि पोलाद दोन्ही नेहमीपेक्षा अधिक ताकद दाखवतात. म्हणजे दोष बहुधा सिमेंटच्या वा पोलादाच्या जातीत नसतो. तो जोडणीत असतो. तुळई खांबाला कशी बांधली, खांबातल्या सळया कशा वेढल्या, एक आधार गेला तर त्याचे ओझे शेजाऱ्याने उचलावे अशी सोय ठेवली की नाही, यावर सर्व अवलंबून राहते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर इमारतीची सुरक्षितता व्यक्तीच्या बळापेक्षा संघटनेच्या बळावर ठरते. हे केवळ सुभाषित नव्हे. दोन इमारतींच्या कथांतून ते रोखठोक दिसते.

पहिली कथा लंडनची. शहराच्या पूर्व भागातील न्यूहॅम येथे नगर परिषदेने सामान्य भाडेकरूंसाठी रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत बांधली. कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब एकमेकांवर रचून ती उभी केली होती. वेगळा असा खांब-तुळयांचा सांगाडा तिला नव्हता. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ रोजी पहाटे १८व्या मजल्यावरील एका भाडेकरू बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि गळून साचलेल्या गॅसचा स्फोट झाला. स्फोट इतका लहान होता की त्या बाई स्वतः वाचल्या. परंतु कोपऱ्यातली भार वाहणारी भिंत बाहेर ढकलली गेली, वरच्या मजल्यांचा आधार सुटून ते खाली आले, आणि त्यांच्या आघाताने खालचे मजले पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे एकामागून एक जमिनीपर्यंत कोसळले. चार माणसे मेली. बहुतेक लोक निजायच्या खोल्यांत होते आणि कोसळला तो बैठकीच्या खोल्यांचा कोपरा, म्हणूनच आकडा लहान राहिला.

ही पद्धत का अंगीकारली गेली? घरांची टंचाई तीव्र होती, आणि १९५६च्या ब्रिटिश कायद्याने उंच इमारतींना मजल्यांच्या प्रमाणात अधिक सरकारी अनुदान ठेवले होते. कमी मजुरांत आणि कमी दिवसांत अधिक मजले उठवणे सर्वांच्याच सोयीचे झाले. राज्यकर्ता पक्ष कोणताही असो. १९८६ साली ही इमारत मजल्यामागून मजला अशी उतरवण्यात आली, तेव्हा तिच्या जोडांत जेथे घट्ट भरलेला मसाला असायला हवा होता तेथे पोकळ्या आणि कोंबलेले वर्तमानपत्राचे कागद सापडले. आपण ज्या सार्वजनिक गृहनिर्माणाचा आग्रह धरतो, त्याच्या इतिहासातले हे पान आपण झाकून ठेवू नये. घर सरकारने बांधले म्हणजे ते आपोआप लोकांचे होत नाही. ज्यांना त्यात राहायचे आणि ज्यांना ते बांधायचे त्यांच्या डोळ्यांआड जे बांधले जाते, ते सरकारी असूनही परकेच असते.

रोनन पॉइंटनंतर ब्रिटनने १९७० साली नियम बदलले. पाच वा अधिक मजल्यांच्या इमारतीत एखादा आधार नाहीसा झाला तरी हानी त्या ठिकाणापुरती राहावी, सगळी इमारत खाली येऊ नये, हे तत्त्व कायद्यात आले. जो आधार काढला असता सर्व कोसळेल, तो दर चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे साडेतीन टनांचा दाब सोसेल असा हवा, असा निकष ठरला. योगायोग असा की भारतानेही स्फोटरोधक बांधकामाची आपली संहिता, आय.एस. ४९९१, त्याच १९६८ साली काढली. कागदावर आपण मागे नव्हतो.

दुसरी कथा अमेरिकेतील ओक्लाहोमा शहराची. १९ एप्रिल १९९५ रोजी एका सरकारद्वेष्ट्या माजी सैनिकाने सुमारे दोन टन स्फोटके भरलेला ट्रक नऊ मजली सरकारी कचेरीसमोर उभा केला. १६८ माणसे मेली; त्यांत १९ बालके होती, आणि त्यांतील बहुतेक त्याच इमारतीतील पाळणाघरातली. ही इमारत प्रबलित काँक्रीटची होती आणि बांधली तेव्हाच्या नियमांना धरून होती. मात्र खाली दर्शनी भाग मोकळा दिसावा म्हणून तेथे एकाआड एक खांब गाळले होते आणि तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर एका मोठ्या तुळईने वरच्या मधल्या खांबांचे ओझे पेलले होते. स्फोटाने ट्रकसमोरचा खांब चुरला, शेजारचे दोन छेदले गेले. खांब गेले तीनच. पण त्यांच्याबरोबर ती तुळई गेली, तिच्यावरचे खांब गेले आणि निम्मी इमारत खाली आली.

या घटनेचा पुढे वैद्यकीय अभ्यास झाला. इमारतीच्या कोसळलेल्या भागात असलेल्या १७५ जणांपैकी १५३ मेले. न कोसळलेल्या भागातल्या १८६ जणांपैकी मेले १०. इमारत तीच, स्फोटही तोच. फरक एवढाच की एकांच्या डोक्यावरचा स्लॅब टिकला आणि दुसऱ्यांचा टिकला नाही. माणसे मारली ती मुख्यतः बॉम्बने नव्हे, इमारतीने. अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या पथकाने पुढच्या वर्षी जो अहवाल दिला त्याचा निष्कर्ष आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. भूकंपाच्या पट्ट्यांत ज्या रीतीने सळया बांधतात, त्या रीतीने ही इमारत बांधली असती तर कोसळलेला भाग निम्म्याहूनही अधिक घटला असता, असे त्यांनी मांडले. बॉम्बसाठी निराळी इमारत नको. भूकंपासाठी जी नीट बांधली ती बॉम्बलाही पुष्कळ अंशी पुरून उरते. अगदी दारात फुटलेल्या मोठ्या बॉम्बपुढे जवळचा खांब कसाही बांधला तरी टिकेलच असे नाही. तेवढी मर्यादा मान्य केली तरी, तो गेल्यावर बाकीच्यांनी तग धरणे हे सळयांच्या बांधणीवरच अवलंबून असते.

ही बांधणी म्हणजे नेमके काय? वाळूचा ढीग पायाने दाबला तर पसरतो. तीच वाळू पोत्यात घट्ट भरली तर ती माणसाचा भार पेलते. खांबातले काँक्रीट तडकल्यावर वाळूसारखेच पसरू पाहते. त्याला पोत्यासारखे धरून ठेवतात त्या उभ्या सळयांभोवती घातलेल्या बारीक सळईच्या रिंगा. संहिता सांगते की खांबाच्या दोन्ही टोकांपाशी, म्हणजे जेथे तो तुळईला मिळतो तेथे, या रिंगा १०० मिलिमीटरहून अधिक अंतरावर असू नयेत. आणि रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात रुतवावीत. पुष्कळदा ही टोके काटकोनातच मुडपून सोडली जातात. तशी टोके बाहेरच्या पातळ कवचात राहतात. हादऱ्याने कवच गळाले की टोक सुटते, रिंग बकल निसटलेल्या पट्ट्यासारखी उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब चिरडला जातो. काटकोन आणि १३५ अंश यांत फरक ४५ अंशांचा. त्या ४५ अंशांत कित्येक संसारांचे भवितव्य अडकलेले असते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत आर.सी.सी.च्या अनेक बहुमजली इमारती कोसळून शेकडो लोक मेले. त्यांतील बहुतेक इमारतींचा तळमजला वाहने ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली नुसते उघडे खांब. सगळा हेलकावा त्या खांबांच्या टोकांनी सोसला, आणि तेथेच रिंगा विरळ होत्या. मोटारींना जागा मिळाली. वर निजणाऱ्यांना मात्र आधार उरला नाही. येथे एक बाब नोंदवली पाहिजे. १९९३च्या मूळ संहितेत, मुंबई आणि अहमदाबाद ज्या तिसऱ्या भूकंपपट्ट्यात मोडतात तेथे, पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या निवासी इमारतींना हे नियम लागू नव्हते. २००१च्या बळींनंतर ती सूट काढून टाकण्यात आली. पण त्याआधी बांधलेली असंख्य घरे आजही उभी आहेत. मुंबई-ठाण्याच्या उपनगरांतला कनिष्ठ मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग मोठ्या संख्येने अशाच घरांत राहतो.

आता प्रश्नाची वर्गीय बाजू पाहू. स्फोटाच्या शास्त्राचा एक नियम असा आहे की, स्फोटाचे ठिकाण दुप्पट दूर गेले तर तेवढाच दाब उत्पन्न करायला आठपट स्फोटके लागतात. म्हणजे अंतर हाच सर्वांत उत्तम चिलखताचा प्रकार. म्हणूनच १९९५नंतर अमेरिकी सरकारी कचेऱ्या रस्त्यापासून मागे सरकू लागल्या, आणि आपल्याकडेही महत्त्वाच्या कचेऱ्या व पुढाऱ्यांचे बंगले यांच्याभोवती कठडे आणि भिंती आल्या. परंतु अंतर म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे पैसा. अंतर विकत घेणे ज्यांना शक्य आहे त्यांनी ते घेतले. चाळीतल्या आणि वसाहतींतल्या माणसाला ते कोठून मिळणार? त्याच्या घराला घर लागून असते, दर स्वयंपाकघरात गॅसची टाकी असते आणि कुठे कुठे कंपाउंडाच्या भिंतीपलीकडे रसायनांचा कारखाना असतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी आत काम करणारे कामगार मारले आणि भोवतालच्या राहत्या घरांच्या काचा फोडल्या. ज्याला अंतर परवडत नाही त्याला संरक्षण देऊ शकते ती खांबातली रिंगच. आणि एकूण बांधकामखर्चाच्या मानाने ती फारशी महागही नाही. मग ती का घातली जात नाही?

याचे उत्तर अभियंत्याच्या नकाशात नव्हे, मजुरीच्या पद्धतीत शोधावे लागते. सळईकाम करणाऱ्या फिटरांना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वजनावर किंवा स्लॅबच्या चौरस फुटावर मजुरी मिळते. जाड उभी सळई चारदोन मिनिटांत बांधून होते आणि तिचे वजन भरपूर भरते. रिंगेची सळई बारीक; ती मापाने कापायची, चार कोपऱ्यांत वाकवायची, टोके १३५ अंशांत आत वळवायची, मग ती अडचणीच्या जागी उभ्या सळयांभोवती बसवून तारेने बांधायची. दिवसभर राबून वजन भरते ते थोडेच. खांब आणि तुळई मिळतात तेथे तर हात घालायलाही जागा नसते. म्हणजे इमारतीला जे काम सर्वांत आवश्यक, त्याचीच मजुरी सर्वांत कमी पडते. त्यात हा कामगार बहुधा परप्रांतातून वा परजिल्ह्यातून आलेला, ठेकेदाराच्या पोटठेकेदाराने आणलेला, पत्र्याच्या खोपटात राहणारा. ही टोके आत का वळवायची हे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते. मुकादमाला घाई असते, कारण काँक्रीटची गाडी रस्त्यात असते. दुपारी काँक्रीट पडते आणि सगळे झाकले जाते. मग ते उघडे पडते ते ढिगाऱ्यातच. आणि तेव्हा दोषी कोण ठरतो? अनेकदा तोच अनाम मजूर.

म्हणून आमचे म्हणणे असे की इमारतीची सुरक्षितता हा कामगारप्रश्न आहे. भांडवलदारी बांधकामव्यवसायात जे दिसते त्याला किंमत येते: दर्शनी काच, संगमरवरी फरशी, प्रवेशद्वाराची कमान. जे दिसत नाही ते नफ्याच्या खात्यात जमा होते. कायदाही या व्यवहाराला अनुकूल आहे. २०१६च्या स्थावर मालमत्ता कायद्याने बांधणीतील दोषांची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकली ती ताबा दिल्यापासून पाच वर्षांपुरती. भूकंप असे मुहूर्त पाहून येत नाहीत. पाच वर्षे एक मासाही न हललेली इमारत सहाव्या वर्षी कोसळली, तर तिच्या खांबातली रिंग कोणी वाचवली याचा जाब देण्याचे या कायद्याखाली कोणालाच कारण उरत नाही.

येथवर वाचून मान डोलावणाऱ्या सहकाऱ्यांना आता एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. अनधिकृत इमारतींवर हातोडा पडू लागला की आपण रहिवाशांच्या बाजूने उभे राहतो, मोर्चे काढतो, ‘बांधकामे नियमित करा’ अशी मागणी करतो. रहिवाशांच्या बाजूने उभे राहणे योग्यच आहे. त्यांनी आयुष्याची पुंजी तेथे घातलेली असते, आणि परवडणारे अधिकृत घर या राज्याने त्यांना दिलेले नसते. परंतु नियमित झाल्याचा कागद खांबात रिंगा घालत नाही. तुर्कस्तानात २०१८ साली सरकारने शुल्क भरून घेऊन लक्षावधी बेकायदा बांधकामांना माफी दिली. त्या वेळी अनेकांना दिलासा वाटला असेल. ६ फेब्रुवारी २०२३च्या भूकंपांत त्या देशात पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. कितीतरी बहुमजली इमारतींचे स्लॅब एकावर एक थापले गेले, आणि त्या माफीची चर्चा ढिगाऱ्यांवर उभे राहून झाली. महाराष्ट्रातही २०१७ साली दंड भरून बांधकामे नियमित करण्याची तरतूद नगररचना कायद्यात आली. मुंब्र्याला ४ एप्रिल २०१३ रोजी जी बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली, तिला ना भूकंप लागला ना स्फोट. ती बांधली जात असतानाच आपल्याच भाराखाली पडली. घर वाचवण्याच्या लढ्यात घरातली माणसे वाचण्याचा प्रश्न आपण मागे टाकला, ही कबुली आपण आपल्याशी दिली पाहिजे.

यातून मार्ग नाही असे नाही. नियमित करायचा तो रहिवाशाचा हक्क, इमारत नव्हे. हक्क बिनशर्त मान्य करावा, आणि इमारतीला मात्र तपासणी व मजबुतीकरण यांची अट असावी. त्याचा खर्च प्रथम बांधणाऱ्याकडून वसूल करावा, तो सापडत नसेल तर सरकारने उचलावा. जुन्या खांबाभोवती नव्या सळया आणि रिंगा घालून काँक्रीटचे वेष्टन चढवणे, मोकळ्या तळमजल्यात काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती उभारणे, हे उपाय माहितीतले आहेत. त्यासाठी सगळी इमारत पाडावी लागतेच असे नाही. पुनर्विकासाच्या नावाखाली वाढीव मजल्यांचा सौदा हाच एक मार्ग आहे असे जे लोकांच्या मनावर बिंबवले जाते, त्याला हे उत्तर आहे. गृहनिर्माण संस्थांना यासाठी अल्प व्याजाचे कर्ज मिळाले पाहिजे.

नव्या बांधकामांबाबत तीन मागण्या पुरेशा आहेत. एक, काँक्रीट टाकण्यापूर्वी सार्वजनिक यंत्रणेच्या अभियंत्याने सळया समक्ष पाहाव्यात, प्रत्येक मजल्याच्या जोडांची छायाचित्रे घ्यावीत आणि ती घर घेणाऱ्यांना पाहायला मिळावीत. दोन, रिंगांची मजुरी वजनावर न ठेवता नगावर ठरवावी. आणि बांधकामावर जो उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो त्यातून फिटरांना भरपगारी शिक्षण द्यावे. शिकलेल्या फिटराला चुकीची रिंग बांधण्यास नकार देण्याचा हक्क असावा आणि त्या नकारामागे संघटना उभी असावी. तीन, झाकल्या जाणाऱ्या कामातील दोषांची जबाबदारी पाच वर्षांवर न संपता इमारतीच्या आयुष्याशी जोडली जावी.

या मागण्यांवर आक्षेप येईल की यामुळे घरे महाग होतील. घरांची किंमत सळईच्या रिंगेने वाढलेली नाही. ती जमिनीच्या सट्ट्याने वाढलेली आहे. गरिबाचे घर स्वस्त करायचे तर सट्ट्याला हात घालावा, खांबाला नव्हे. दुसरा आक्षेप असा येईल की दहशतवाद्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करावा, इमारतींनी काय करायचे? पोलिसांनी तो करावाच. परंतु गॅसची टाकी, कारखान्याची भट्टी आणि पृथ्वीचा पोटगोळा यांवर पहारा ठेवता येत नाही. शिवाय सुरक्षिततेच्या नावाने नागरिकांची स्वातंत्र्ये आकुंचित करणारे कायदे जेव्हा येतात, तेव्हा आपण विचारले पाहिजे की ज्या सुरक्षिततेने कोणाचेही स्वातंत्र्य जात नाही, ती सळई आणि सिमेंटातली सुरक्षितता तुम्ही का दिली नाही?

आपल्या शाखांच्या आसपास कुठे ना कुठे बांधकाम चालू असतेच. उद्या तेथे जा. स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी खांबाचे डोके उघडे असते. रिंगा किती अंतरावर आहेत आणि त्यांची टोके आत वळली आहेत की काटकोनात बाहेरच राहिली आहेत, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्यासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. रिंग बांधणाऱ्याशेजारी बसा, त्याला मजुरी कशी मिळते ते विचारा, आणि ही टोके आत का वळवायची ते त्याला सांगा. त्याने बांधलेल्या घरात राहण्याची ऐपत त्याला कदाचित कधीच येणार नाही. पण त्या घरातल्या माणसांचा जीव त्याच्या हातांत आहे हे त्याला कळले, आणि त्याच्या हातांची किंमत राहणाऱ्यांना कळली, तर कामगार आणि रहिवासी यांची जी एकजूट आपण व्याख्यानांतून मागतो तिची सुरुवात तेथे होऊ शकेल. मोर्चात आपण न वाकणारे असू. घरांचे खांब मात्र वाकणारे आणि न मोडणारे मिळावेत, यासाठी तो मोर्चा निघाला पाहिजे.